पाड्यावर डिश बसवली तेव्हा

२०२० च्या पावसाळ्यात आमची आश्रमशाळा बंद होती आणि दहावीची मुलं अक्कलकुव्याच्या डोंगरात आपापल्या पाड्यांवर परतली होती. रेंज फक्त टेकडीवर, आणि व्हिडिओ तिथेही उघडत नसे. केंद्र सरकारच्या ‘स्वयंप्रभा’ या शैक्षणिक टीव्ही वाहिन्या इंटरनेटशिवाय फुकट दिसतात, एवढ्या भरवशावर मी डिश आणि सेट-टॉप बॉक्स घेऊन गेलो.

गांधीनगरहून वर गेलेला कार्यक्रम जीसॅट-१५ हा उपग्रह खाली देशभर सोडतो. तो विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्वेला, सुमारे ३६,००० किमी उंच आहे. पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे एका जागी उभा दिसतो, म्हणून डिश एकदा आवळली की झालं. आमच्याकडून तो जवळजवळ नेमका आग्नेयेला.

दिशा कळली, तरी दोन तास पडदा काळाच. उपग्रह बराच वर आहे म्हणून मी डिश चांगली उताणी केली होती, चूक तिथेच होती. या डिशचा एलएनबी, म्हणजे डिशने गोळा केलेल्या लहरी पकडणारा भाग, मध्यावर नसतो, खालच्या दांडीवर असतो. त्यामुळे ती वाटते त्यापेक्षा बरीच उभी ठेवावी लागते. शिवाय मी टीव्हीवर सिग्नलच्या स्ट्रेंथची पट्टी बघत बसलो होतो. ती एलएनबीला वीज मिळाली की भरते, खरी पट्टी क्वालिटीची. एक मुलगा छपरावर, मी आत.

"सर, हलवू?"

"अगदी थोडी... बस! धर तशीच!"

बोटभर सरकली आणि शून्यावरची क्वालिटी एकदम चढली. खाली पोरांनी आरडाओरडा केला.

जोराच्या सरीत चित्र फुटायचं, कारण डिशवर येणाऱ्या केयू बँडच्या (उच्च वारंवारतेच्या) लहरी पाऊस शोषून घेतो. पण तेच पाठ दिवसभरात पुन्हा पुन्हा लागतात. वेळा आम्ही भिंतीवर खडूने लिहून ठेवल्या.

खरी अडचण वेगळी होती. पाठ हिंदीत, घरची बोली भिली, आणि टीव्हीतल्या शिक्षकांना प्रश्न विचारता येत नाही. २००४ च्या एज्युसॅट या शैक्षणिक उपग्रहावर दुतर्फी वर्गांची सोय होती. ती प्रत्येक पाड्यापर्यंत यायला हवी होती, असं मला आजही मनापासून वाटतं. मग मी पहिल्या प्रक्षेपणात मुलांचे प्रश्न वहीत टिपायचो, टीव्ही बंद करून ते सोडवायचो आणि पुढचं प्रक्षेपण सगळे मिळून बघायचो. बहिर्वक्र भिंगाचा पाठ दुसऱ्यांदा लागला तेव्हा एक मुलगी उठून टीव्हीजवळ गेली आणि पडद्यावरचा किरण कुठे वळणार, ते तो वळायच्या आधीच बोटाने दाखवू लागली.