आई माळकरी आणि बाटलीवर केराटिन

मागच्या महिन्यात आईसाठी शॅम्पू आणला, पुढे मोठ्या अक्षरात ‘केराटिन’. आई माळकरी, अंड्याचा केकसुद्धा घरात चालत नाही तिला. तिने चष्मा लावून बाटली उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "अगं, हे केराटिन कशाचं असतं?" मग सांगावं लागलं, केराटिन म्हणजे केस, नखं, पिसं ज्याची बनतात ते प्रोटीन, आणि बाटलीतलं बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीचं नाहीतर पक्ष्यांच्या पिसांचं. काही न बोलता तिने बाटली माझ्या हातात परत ठेवली. तेव्हापासून मी दिसेल त्या बाटलीचं मागचं लेबल वाचतेय.

तर पहिली गोष्ट, ‘व्हेगन केराटिन’ (म्हणजे प्राण्यांचं काही नसलेलं) म्हणून जे विकतात ते केराटिन नसतंच. झाडांमध्ये केराटिन तयारच होत नाही. गहू, सोया, मका यांच्या प्रोटीनचे तुकडे एकत्र करून ते बनवतात. माल वाईट नसतो पण नाव चुकीचं आहे आणि मला ते खरंच खटकतं, कारण आईसारखं माणूस त्या नावावर विश्वास ठेवूनच घेणार ना.

लेबलवर ‘हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन’, ‘हायड्रोलाइज्ड राइस प्रोटीन’ असं लिहिलेलं असतं. हायड्रोलाइज्ड म्हणजे मोठं प्रोटीन आम्लाने, अल्कलीने किंवा एन्झाइमने तोडून बारीक केलेलं. अख्खं प्रोटीन केसात शिरू शकत नाही, म्हणून डाळीचं पीठ लावून केसाला प्रोटीन मिळतं हे काही खरं नाही, बेसन तेल आणि मळ ओढून घेतं हे मात्र खरं आणि त्यासाठी ते छानच आहे. बारीक केलेले तुकडे थोडे आत जातात, मोठे तुकडे वर पातळ थर धरतात. त्वचेवर तर मुख्यतः थरच, ओलावा धरून ठेवणारा. कलर केलेल्या, खराब झालेल्या केसावर विजेचा ऋण भार जास्त असतो, म्हणून धन भार दिलेलं प्रोटीन नेमकं तिथेच जास्त चिकटतं, ही गोष्ट मला फार आवडली. पण बाहेर आलेला केस जिवंत नसतो, त्याला ‘पोषण’ मिळत नाही, आधार मिळतो आणि तोही काही धुण्यांपुरता.

आधार मिळतो हे मी स्वतः बघितलंय. पार्लरमध्ये स्ट्रेटनिंग केल्यावर माझा ओला केस बोटात धरून ओढला की रबरासारखा लांबायचा आणि तुटायचा. प्रोटीन मास्कने दोन-तीन वेळात फरक पडला, मग मी हावरटासारखा प्रत्येक धुण्याला लावला आणि केस काडीसारखे कडक झाले, कंगव्यात कटकट आवाज यायला लागला. तेव्हा मास्क बंद केला आणि नुसतं कंडिशनर लावत राहिले.

आता गव्हाचं, आणि हे प्लीज नीट वाचा. जपानमध्ये २००४ ते २०१० या काळात चेहरा धुवायचा एक साबण खूप चालला, त्यात आम्लाने तोडलेलं गव्हाचं प्रोटीन होतं. रोज त्याने तोंड धुणाऱ्या दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली. साबण लावून त्वचेतून आणि डोळ्यांतून शरीराने गहू शत्रू मानला, आणि मग ब्रेड, नूडल्स खाल्ल्यावर अंगावर गांधी उठणं, तोंड सुजणं, काहींना श्वास लागणं. त्या प्रोटीनचे तुकडे मोठे होते. नंतर युरोपने नियम केला, सौंदर्यप्रसाधनात गव्हाच्या प्रोटीनचे तुकडे सरासरी ३५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठे नकोत. पण डाल्टनचा आकडा बाटलीवर कोणी छापत नाही. दोन्ही वेळा पोळी खाणाऱ्या घरात ही ॲलर्जी म्हणजे काय होईल विचार करा. आईच्या हातांना हिवाळ्यात भेगा पडतात, अशा त्वचेतून ते सहज आत जाईल, म्हणून तिच्यासाठी गव्हाचं काहीच घेत नाही, आणि ज्यांना गव्हाची ॲलर्जी आधीच आहे त्यांनी तर बाटली उचलूच नये.

अजून एक, लेबलवरच्या यादीत जास्त असलेले घटक आधी लिहितात, तर त्यात प्रोटीन फिनॉक्सिएथेनॉल या प्रिझर्वेटिव्हच्या नंतर आलं असेल तर ते साधारण १ टक्का किंवा त्याहून कमीच समजा, कारण ते प्रिझर्वेटिव्ह १ टक्क्यापर्यंतच घालतात. पुढे तांदळाच्या लोंबीचं कितीही मोठं चित्र असू दे.

शेवटी तांदळाच्या प्रोटीनचं साधं कंडिशनर मिळालं, यादीत केराटिन, रेशीम, कोलॅजन असं प्राण्यांपासून येणारं काही नाही. आईला एकेक नाव वाचून दाखवलं. तिने दोनदा विचारलं, "तांदूळच ना नक्की?" आणि मग रविवारी न्हाऊन आल्यावर वेणी घालताना केस बोटांतून सोडत म्हणाली, "गुंता कमी आहे गं आज."