एका मेमरी कार्डाची तीन कार्डे

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका मित्राच्या फौंड्रीत कोअर (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे) सुकवण्याच्या ओव्हनचे तापमान दर मिनिटाला नोंदवण्यासाठी मी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक (पुढे नुसता 'पाय') बसवला. थर्मोकपल या तापमान-संवेदकाचे वाचन, वायफाय, नोंदी ठेवणारा प्रोग्राम आणि वीज आल्यावर तो आपोआप सुरू होण्याची सोय, या सगळ्या जुळणीला तीन रविवार लागले. ही सगळी मेहनत नखाएवढ्या मायक्रोएसडी कार्डावर होती, आणि वळवाच्या पावसात एका दुपारी चार-पाच वेळा वीज गेली तेव्हा ते कार्ड बिघडले. सगळे पुन्हा जुळवल्यावर मी आधी प्रत काढायला बसलो. शिवाय उरलेल्या दोन ओव्हनांनाही हीच व्यवस्था हवी होती.

केवळ फाइली उचलून दुसऱ्या कार्डावर टाकल्याने काम होत नाही. कार्डावर दोन विभाग असतात; विंडोजला बूटचा, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या फाइलींचा, छोटा फॅट पद्धतीचा विभाग तेवढा वाचता येतो, आणि जिथे खरी जुळणी असते तो पायवरच्या लिनक्स प्रणालीचा ईएक्सटी४ पद्धतीचा विभाग वाचता येत नाही. म्हणून पाय रीतसर बंद करून कार्ड काढले आणि लिनक्स लॅपटॉपवर 'डीडी' आज्ञेने पूर्ण कार्डाची इमेज, म्हणजे एका फाइलमधली जशीच्या तशी प्रत, घेतली. चालू यंत्रावर प्रत घेतली तर काही फाइली अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत उतरण्याचा धोका असतो. 'डीडी' काहीही विचारत नाही. मूळ आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली, तर तयार कार्डावरच कोरे कार्ड लिहिले जाते. त्यामुळे कार्ड लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर, असे दोनदा 'एलएसबीएलके' ही जोडलेल्या डिस्कांची यादी दाखवणारी आज्ञा चालवून नव्याने दिसलेले नाव मी कागदावर लिहून घेतो.

खरी अडचण पुढे आली. दोन्ही कार्डांवर ३२ जीबी छापलेले असूनही दुसरे काही सेक्टरांनी (साठवणुकीच्या छोट्या कप्प्यांनी) लहान निघाले आणि लिहिणे अगदी शेवटी जागा संपल्याच्या संदेशाने थांबले. छापील आकडा सारखा असला तरी सेक्टरांची संख्या सारखी असेलच असे नाही. 'पायश्रिंक' ही स्क्रिप्ट इमेजमधला लिनक्सचा विभाग आवश्यक तेवढाच ठेवते आणि पहिल्या बूटला तो कार्डभर पसरवते. तिने इमेज आटोपशीर झाली आणि लहान कार्डावर सहज बसली. लिनक्स लॅपटॉप नसेल, तर रास्पबेरी पाय ओएसच्या डेस्कटॉपवरील 'एसडी कार्ड कॉपियर' यूएसबी कार्ड रीडरमधल्या कार्डावर प्रत काढते आणि आकारातला फरकही सांभाळून घेते.

तिन्ही पाय एकाच वायफायवर आल्यावर मात्र नावाचा घोळ झाला, कारण प्रतीबरोबर होस्टनेम (यंत्राचे नेटवर्कवरील नाव), मशीन-आयडी (त्या प्रणालीचा ओळख क्रमांक) आणि एसएसएच या दुरून लॉगिन करण्याच्या सोयीत यंत्राची ओळख पटवणाऱ्या होस्ट किल्ल्याही जशाच्या तशा आल्या होत्या. आयपी पत्ते वेगळे मिळाले, कारण मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कच्या हार्डवेअरचा ओळख क्रमांक, बोर्डाचा असतो, कार्डाचा नव्हे. प्रत्येक यंत्राला ओव्हनच्या क्रमांकाचे होस्टनेम दिले, मशीन-आयडीची फाइल रिकामी केली, जुन्या किल्ल्या पुसून नव्या तयार केल्या आणि मगच यंत्र पुन्हा सुरू केले. वायफायचा पासवर्डही इमेजमध्ये असतो, त्यामुळे ती फाइल मी कोणालाही पाठवत नाही.

चौथे, राखीव कार्ड मी प्रत्यक्ष ओव्हनशेजारच्या पायात घालून, एक पूर्ण पाळी त्यावर नोंदी होऊ दिल्या आणि तारीख लिहिलेल्या पाकिटात घालून फौंड्रीच्या ऑफिसातील खणात ठेवले आहे.