दाजीपूरला एक मुक्काम तरी कराच

कोकणात उतरताना राधानगरीवरून फोंडा घाटानं कितीवेळा गेलोय याचा हिशोबच नाही, दरवेळी दाजीपूर आलं की "एकदा इथं थांबायला पाहिजे" असं म्हणायचं आणि गाडी तशीच पुढं दामटायची. यावेळी मेच्या शेवटच्या आठवड्यात मुद्दाम तेवढ्यासाठीच गेलो, दोन दिवस राहिलो, आणि इतकी वर्षं का नाही आलो याचं खरंच वाईट वाटलं.

दाजीपूर ज्यात येतं ते कोल्हापूर जिल्ह्यातलं राधानगरी अभयारण्य म्हणजे गव्यांचं जंगल. १९५८ साली गव्यांसाठी दाजीपूरचं जंगल राखलं गेलं, पुढं १९८५ ला ते वाढवून ३५१ चौरस किलोमीटर केलं आणि २०१२ ला पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा यादीत गेल्या त्यात हेही आहे. गव्याला अजून बरेच लोक बायसन म्हणतात, पण बायसन हा अमेरिका-युरोपातला प्राणी, आपला गवा वेगळा, गाईच्या कुळातला, आणि आपल्याकडं त्याला इतकं छान नाव असताना दुसरं कशाला वापरायचं?

सकाळी लवकर स्थानिक जीप आणि गाईड घेऊन आत गेलो. रस्ता कच्चा, लाल माती, हाडं खिळखिळी होतात, पण जंगल असलं दाट की ऊन खाली पोचतच नाही. पहिले दोन तास काहीच दिसलं नाही, फक्त शेकरूची हाक आणि झाडाच्या फांदीत त्याचं मोठं घरटं. मग एका वळणावर गाईडनं हात वर करून जीप थांबवली आणि हळूच म्हणाला, "हालू नगासा, त्यो आपल्याकडंच बघालाय." कारवीच्या झुडपांमागं एकटाच नर उभा होता, काळाभोर, पाठीवर उंचवटा आणि चारही पायांना गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या आसपास भरू शकतो हे वाचलेलं असतं, पण तेवढं वजन पंधरा-वीस पावलांवर नुसतं उभं राहून श्वास घेताना ऐकणं वेगळंच. एकदा जोरात फुरफुरला आणि वळून झाडीत शिरला, आणि एवढा मोठा प्राणी अर्ध्या मिनिटात दिसेनासा झाला, पानांचा आवाजसुद्धा फारसा नाही. कुणीच फोटो काढला नाही. मला तेच आवडलं.

पुढं सावराई सड्यावर गेलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, मे महिन्यात नुसतं करपलेलं दिसतं, पण पाऊस पडून गेला की याच कातळावर इवलीइवली फुलं येतात. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं म्हणून मी आता पाऊस संपल्यावर उघडायची वाट बघतोय.

संध्याकाळी काजवे. गावाबाहेरच्या एका झाडावर हजारो, आधी इकडंतिकडं लुकलुकतात आणि मग अख्खं झाड एकदम उजळतं, एकदम विझतं. तो उजेड म्हणजे त्यांचं जोडीदार शोधणं असतं, त्यामुळं कृपा करून तिथं टॉर्च, गाडीचे हेडलाइट, मोबाईलचा फ्लॅश काही लावू नका. आमच्या शेजारी एक ग्रुप सारखा फ्लॅश मारत होता, शेवटी जाऊन सांगितलं, ऐकलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी राधानगरी धरण. शाहू महाराजांनी भोगावतीवर हे काम सुरू केलं, गावाला नाव दिलं मुलीचं, राधाबाईंचं. महाराज १९२२ ला गेले, धरण पूर्ण व्हायला पुढं कितीतरी वर्षं लागली, पण आज ऊस, भात जे काही हिरवं दिसतं त्याच्यामागं हे पाणी आहे. धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठराविक पातळीला आलं की आपोआप उघडतात. राऊतवाडीचा धबधबा मात्र कोरडा होता, त्याला पावसातच जायला हवं. वाटेत बायका पानाच्या द्रोणात करवंदं विकत होत्या, दोन द्रोण गाडीतच संपले.

आणि एक, जलाशयातला बेनझीर व्हिला. महाराजांच्या काळातली दगडी वास्तू, वर्षातले बरेच महिने पाण्यात असते, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येते. बघायचा असेल तर पाऊस लागायच्या आत जा, जुलैत धरण भरायला लागलं की भिंती पुन्हा बुडायला लागतात.