बेसवर ठेवलं की बंद पडतं

डीजेचं ते अ‍ॅम्प्लिफायर मशीन तिसऱ्यांदा दुरुस्तीला आलं तेव्हा मी मालकाला तोंडावर सांगून टाकलं, "भाऊ, मशीनमध्ये काही नाही. दोष तुमच्या पोराच्या हातात आहे." मे महिन्यातली गोष्ट. ते वाक्य अजून मला सोडत नाही.

अमळनेरात माझं अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नसराईत आजूबाजूच्या गावांतली डीजेची मशिनं दारात उभी असतात. जळालेला भाग काढून नवा बसवायचा, एवढंच काम असतं असं लोकांना वाटतं. ते तासाभराचं. रात्र जाते ती दुरुस्त केलेलं मशीन पुन्हा मारायचा प्रयत्न करण्यात. माझ्या टेबलावर मेलं तर चार ट्रान्झिस्टर जातात. वरातीत मेलं तर नवरदेवाचा मामा गाडीवर चढून येतो.

आणि हे सगळं मी आवाज न करता करतो. दुकानापासून शंभर मीटरच्या आत दवाखाना आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शांतता क्षेत्राची मर्यादा अशी: दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. एवढ्यात आमचा स्वयंपाकघरातला मिक्सरसुद्धा बसत नाही. म्हणून स्पीकरच्या जागी मी पिंपात पाणी तापवतो. बाथरूममध्ये असतात तसले १५०० वॅटचे रॉड. एकेकाचा रोध साधारण ३५ ओहम, आठ समांतर जोडले की साडेचारच्या जरा खाली येतो. डीजेवाले एका चॅनेलला दोन बेस, म्हणजे जाड आवाजाचे मोठे स्पीकर, लावतात, त्याच्या जवळपासच. मशीन जीव तोडून वाजतं, पिंपातलं पाणी आंघोळीपुरतं कढत होतं, आणि शेजारच्या काकूंना फक्त पंख्याचा आवाज ऐकू जातो. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी हे पिंप आवर्जून दाखवत असे.

त्यात एक गंमत आहे, ती बऱ्याच मेकॅनिकांना ठाऊक नसते. आवाज पूर्ण सोडला की मशीन सगळ्यात जास्त तापतं असं ते धरून चालतात. साध्या एबी वर्गाच्या मशीनमध्ये तसं होत नाही. १५०० वॅटचं मशीन पूर्ण सूर देताना, कागदावरच्या हिशोबानं, स्वतःच्या अंगात ४०० च्या आसपास वॅट जाळतं. तेच ५०० वॅटवर आणलं तर ६०० च्या आसपास. म्हणजे एक तृतीयांशावर ते जास्त भाजतं. अमेरिकेत १९७४ साली तिथल्या सरकारनं नियमच केला होता, जाहिरातीत वॅट छापायचे तर मशीन आधी तासभर एक तृतीयांशावर चालवा. कंपन्यांना हीटसिंक, म्हणजे ताप बाहेर टाकणारे धातूचे पंखे नव्हे तर पाती, मोठे करायला लागले म्हणून त्यांनी बोंब मारली होती. खऱ्या गाण्याची सरासरी मात्र बरीच कमी, म्हणून गाण्यासाठी एक अष्टमांश धरतात. पण ते जुन्या गाण्यांना लागू. आताची हळदीची रिमिक्स इतकी दाबून सपाट केलेली असतात की ठोका आणि पोकळी यांत फरकच उरत नाही. खालचा बेस तर सतत घुमत असतो. वरातीतल्या लोकांचंही तेच. गाणं कुठलं याच्याशी कुणाला देणंघेणं नाही, छाती धडधडली की पैसे वसूल.

तर हे मशीन पहिल्यांदा आलं फेब्रुवारीत. मालकाचं गोडाऊन कापसाच्या जिनिंगला लागून, त्यामुळे पंख्याच्या जाळीवर रुईची अक्षरशः गादी बसलेली. हीटसिंकच्या फटींतून मी चिमट्यानं वाती ओढून काढल्या, दिवाळीला पुरल्या असत्या. चार जोड्या उडालेल्या. ५२०० आणि १९४३ या नंबरांचे ट्रान्झिस्टर बाजारात कुठेही मिळतात आणि त्यातले किती खरे असतात ते विचारू नका. मी दर खेपेला एक फोडून आतला सिलिकॉनचा तुकडा किती मोठा आहे ते बघतो, मगच बाकीचे लावतो. एका चॅनेलच्या उणे बाजूचा वीजपुरवठा सपाट ठेवणारा मोठा फिल्टर कपॅसिटर फुगलेला, तोही बदलला. सिरीज बल्बवर चालू केलं, ऑफसेट, म्हणजे गाणं नसताना स्पीकरच्या तारेवर येणारं व्होल्टेज, बघितला, मग पिंपावर दोन तास. ठणठणीत.

एप्रिलमध्ये परत. वरातीत वीस-पंचवीस मिनिटांनी बंद पडतं, थोड्या वेळानं आपोआप चालू होतं, पुन्हा पडतं. मी पिंपावर लावलं, तीन तास काही नाही. दिलं. मे महिन्यात पुन्हा तेच.

त्या वेळी मशीन चालवणारा पोरगा सोबत आला होता. असेल विशीचा. मी विचारलं, एका चॅनेलला चार बेस जोडतोस का? दोन ओहमवर मारतोस का? तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, मग लाल दिवा कसला लागतो? तर तो म्हणे, "काका, तो क्लिपना नही, प्रोटेक्टना लाईट से." क्लिपचा दिवा आवाज मर्यादेपलीकडे नेला की लागतो, प्रोटेक्टचा मशीन बिघाड ओळखून स्पीकर तोडतं तेव्हा. हे मला, बत्तीस वर्षं या धंद्यात असलेल्या माणसाला. आणि पुढे म्हणाला, "मशीन खाले ठेवं ते चालस, बेसवर ठेवं ते बंद पडस."

मी हसलो. दुकानातली दोन माणसंही हसली. मग मालकाला ते वाक्य सांगितलं.

चौथ्यांदा मालकच चिडून आला. "भाऊ, पोरगं काढून टाकलं, तीन कार्यक्रमांचे पैसेही कापले. आता नवा गडी आहे, तरी तेच. चला, तुमच्या डोळ्यांपुढे वाजवतो." गावाबाहेर बंद पडलेल्या जिनिंगची शेड होती. दुपारचे बारा, पारा ४४ च्या घरात, वर पत्रा. छोट्या हत्तीतून अठरा इंची चार बेस उतरवले, जनरेटर लावला. पहिल्याच ठोक्याला पत्र्यावरची कबुतरं उठली आणि वरून जुनी रुई हिमासारखी खाली यायला लागली. मशीन जमिनीवर ठेवलेलं. चाळीस मिनिटं वाजलं. काही नाही. मी मालकाकडे बघितलं, तोंडावर कसला भाव होता ते मला माहीत आहे.

पाणी प्यायला थांबलो. पुन्हा जोडताना नव्या गड्यानं मशीन उचललं आणि बेसच्या खोक्यावर ठेवलं. खाली वायर पायात येत होती, एवढंच कारण.

बाराव्या मिनिटाला लाल दिवा. स्पीकर जोडणारा-तोडणारा रिले कट्ट वाजला, आवाज गेला. सात-आठ सेकंद शांतता. पुन्हा कट्ट, पुन्हा गाणं, पुन्हा लाल. मी तिथेच उकिडवा बसलो.

झाकण काढून भिंग लावलं. फेब्रुवारीत मीच बसवलेला कपॅसिटर. त्याच्या एका पायाभोवती, डाग दिलेल्या जागी, केसाएवढी गोल भेग. बांबूच्या काडीनं कपॅसिटर जरा हलवला की पाय सोल्डरच्या आत सुईसारखा वर-खाली व्हायचा. कंपनीनं मूळ कपॅसिटरच्या बुडाशी सिलिकॉनचा पांढरा गोंद भरलेला होता, पाण्याच्या पेल्याएवढा तो जड डबा डुगडुगू नये म्हणून. मी तो खरवडून काढला होता; जळका, घाण दिसत होता. नवीन भरला नव्हता. काम स्वच्छ दिसलं पाहिजे ना.

मग सगळं जुळलं. बेसवर ठेवलं की अख्खं मशीन थरथरायचं, त्यात ताप. भेग उघडायची, उणे बाजूचा पुरवठा कोसळायचा, प्रोटेक्ट स्पीकर तोडायचं. स्पीकर तुटला की थरथर थांबायची, पाय पुन्हा जागेवर बसायचा आणि मशीन शहाण्यासारखं चालू व्हायचं. माझ्या पिंपात ताप होता, भार होता, सगळं होतं. थरथर तेवढी नव्हती. पाणी हलत नाही.

मी मालकाला तिथेच सांगितलं की डाग माझा होता. त्यानं हात झटकला, "जाऊ द्या भाऊ, सापडलं ना." पैसे मी घेतले नाहीत. पोराचं विचारलं तर कळलं की तो सुरतेला उधन्याकडे गेला, साड्यांच्या कुठल्या कारखान्यात. कापलेले पैसे द्या म्हणालो, तर मालक म्हणे आता कुठे शोधू. नंबर मात्र त्याच्याकडे होता. बिलबुकाच्या मागच्या पानावर मी तो लिहून घेतला आहे. एकदा लावला, रिंग गेली, मीच कापला. काय म्हणणार होतो?

आता टेबलाखाली एक जुना पंधरा इंची स्पीकर उताणा बसवला आहे, खोक्याशिवाय. ४० हर्ट्झ सोडला की जाड आवाज बाहेर फारसा जात नाही, पण वरची फळी चांगली हादरते. मशीन त्या फळीवर, तारा पिंपात. परवा एक धुळ्याचा मेकॅनिक आला होता. बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "डोकं लावलं भाऊ तुम्ही." मी चहा मागवला.