आंबलेल्या मांड्या आणि न विचारलेला एक प्रश्न

तपासणीसाठी रक्त द्यायला गेलं की "उपाशीपोटी आलात ना?" हे हमखास विचारतात. "गेल्या आठवड्यात जोराचा व्यायाम केलात का?" हे मला कोणीही विचारलं नाही. फॅमिली डॉक्टरांनी नाही, लॅबमध्ये नाही, आणि रिपोर्ट पाहून कपाळाला आठ्या घालणाऱ्या मोठ्या हॉस्पिटलातल्या फिजिशियननी तर नाहीच. त्यापायी माझा अख्खा पावसाळा गेला. म्हणून हे लिहितेय.

मी पुण्यात राहते आणि ब्रेव्हे करते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत, अशा वेळ बांधलेल्या लांब राइड्स. एका मोसमात २००, ३००, ४०० आणि ६०० पूर्ण केल्या की सुपर रँदोनर म्हणतात. तो किताब मी मिळवलाय आणि मला त्याचा अभिमान आहे. हे सांगायचं कारण, अंग दुखणं मला नवं नाही. खंबाटकी आणि पसरणी हे घाट एका दिवसात केले की दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोकळ्या होतात. या वेळी त्या मोकळ्या होईचनात. सकाळी उठताना अंग आंबलेलं, जिना उतरताना कठडा धरायचा, आणि सायकलवर ज्यांना फारसं काम नसतं ते दंडसुद्धा ठणकायचे. विश्रांती घेतली, सीटची उंची तपासून घेतली, फिजिओथेरपी झाली. काही उपयोग झाला नाही.

मग डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या: सीपीके (स्नायूंसाठीची तपासणी), थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, ईएसआर, लिव्हर. आदल्याच दिवशी पहाटे मी ३०० संपवून घरी आले होते. सोमवारी सकाळी रक्त दिलं. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला तर सीपीके चार आकडी, लाल अक्षरात. नॉर्मलची वरची मर्यादा दोनशेच्या आसपास. लिव्हरच्या तपासणीतलं एसजीओटीही दुपटीच्या वर.

फिजिशियननी पहिला प्रश्न केला तो दारूचा. घेत नाही म्हटल्यावर पोटाची सोनोग्राफी झाली, ती स्वच्छ. मग "स्नायूंचा आजार असू शकतो, संधिवाततज्ज्ञांना दाखवा" असं कागदावर लिहून मिळालं. तो कागद घेऊन काउंटरवर गेले तर तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, पुढच्या महिन्याच्या शेवटी आहे. लावू का?" लाव म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आधीची कुठली वेळ रिकामी झाली तर कळवा म्हणून नंबर देऊन आले. फोन कधी आला नाही. मीच करत राहिले, आणि प्रत्येक वेळी नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगायचं.

ते आठवडे फार वाईट गेले. रात्री झोप लागायची नाही, मग स्नायूंच्या आजारांबद्दल वाचत बसायचं. नवरा काही बोलायचा नाही, पण मी जिन्यावर असले की मागे येऊन उभा राहायचा. सासूबाई म्हणाल्या, "सायकल विकून टाक, माझं ऐक." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून उलट बोलवलं नाही. माझ्या विम्यात ओपीडीचा खर्च बसत नाही, तेव्हा हे सगळं खिशातून.

अखेर नंबर लागला. या डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली आणि मला आधी जमिनीवर मांडी घालून बसायला सांगितलं. "आता हात न टेकता उठा." उठले. हात डोक्यावर धरायला लावून स्वतः ते खाली दाबून पाहिले. मग म्हणाले, "दुखतंय, पण ताकद गेलेली नाही. स्नायूंच्या आजारात बहुतेक वेळा आधी ताकद जाते. रक्त दिलंत त्याच्या आदल्या दिवशी काय करत होता?"

"३०० किलोमीटर सायकल."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नीट समजावून सांगितलं. सीपीके हे स्नायूंच्या पेशींमधलं एन्झाइम. कष्टाच्या व्यायामानंतर ते रक्तात उतरतं, एक ते तीन दिवसांत सर्वांत वर जातं आणि खाली यायला आठवडाही लागतो. एसजीओटी फक्त लिव्हरमध्ये नसतं, स्नायूंमध्येही असतं. लिव्हर बिघडलं की सहसा गामा जीटी वाढतं. माझं नॉर्मल होतं, त्याच रिपोर्टमध्ये, खालच्या ओळीत. आठवडाभर सायकल, जिम सगळं बंद करून पुन्हा रक्त दिलं. सीपीके मर्यादेत. हायसं वाटलं, आणि त्याच संध्याकाळी संताप आला. फॉर्मवर एक रकाना असता तर हे आठवडे वाचले असते. मी लॅबला तसं पत्र दिलंय. तोवर तुम्हीच चिठ्ठीवर ठळक लिहा: शेवटची मोठी राइड कधी, किती किलोमीटर. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल तर तेही, कारण तिनेही स्नायू दुखू शकतात.

दुखणं मात्र होतंच. ड जीवनसत्त्व १२ निघालं. २० च्या खाली म्हणजे कमतरता. उन्हातली सायकलपटू आणि ही कमतरता? पण मी पहाटे निघते, पूर्ण बाह्या घालते आणि दिवसभर ऑफिसात असते. आठवड्याला ६०,००० युनिटची एक गोळी, आठ आठवडे. (मनाने पुढे चालू ठेवू नका, हे जीवनसत्त्व शरीरात साठतं.) फरक पडला, पण पूर्ण नाही. डॉक्टर म्हणाले, "नेमकं कारण सापडलेलं नाही. धोक्याचं काही नाही, एवढं नक्की." इतक्या दिवसांत प्रथमच कोणी खरं बोललं असं मला वाटलं.

आता लागोपाठ दोन शनिवार-रविवार लांब राइड नाही. घाटात हलका गिअर, पाय भरभर, जोर कमी. राइडनंतर चहा-केळ्यावर न भागवता उसळ किंवा अंडी. उठल्या उठल्या नाडी मोजते. नेहमीपेक्षा जलद असेल तर सायकल बाहेर काढत नाही. सगळ्यात जास्त फरक झोपेने पडला. यंदा २०० आणि ३०० करणार. ४०० चं अंगाला विचारून ठरवीन.

राइडमध्ये वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. पाणी कमी पडलेलं असताना त्या मूत्रपिंडाला महागात पडतात. आणि मोठ्या राइडनंतर लघवी कोलासारखी गडद झाली, तर अपॉइंटमेंट वगैरे काही नाही, थेट इमर्जन्सीत जा.