मैत्रीला जायची तयारी: अक्कलदाढ, बीपी आणि औली

मी डिझेल मेकॅनिक, गाव साताऱ्याजवळ. अंटार्क्टिकात आपल्या देशाची सध्या दोन स्टेशनं चालू आहेत, 1989 पासूनचं मैत्री आणि 2012 चं भारती, त्यातल्या मैत्रीवर जनरेटर बघायला हिवाळी टीममधे माझं सिलेक्शन झालं. म्हणजे वर्षभराहून जास्त घराबाहेर. घरी सांगितलं तर आईचा पहिला प्रश्न, "तिकडं आजारी पडलास तर कोण बघणार रे?" आणि खरं सांगतो, सगळी तयारी ह्याच एका प्रश्नाभोवती फिरते. टीममधे डॉक्टर असतात, पण मोठं हॉस्पिटल नाही, आणि ऐन हिवाळ्यात विमान नाही, जहाज नाही.

म्हणून मेडिकल कडक असते. दिल्लीला जायच्या आधीच मी दातांचं सगळं उरकलं, दोन ठिकाणी सिमेंट भरलं आणि एक अक्कलदाढ काढली, कुणी जाणार असेल तर हे पहिलं करा. तरी पहिल्या दिवशी बीपी 150 च्या वर गेलं, नुसत्या टेन्शनने. रात्रभर झोप नाही, दुसऱ्या दिवशी परत मोजलं तेव्हा नॉर्मल आलं आणि मी बाहेर येऊन पायरीवरच बसलो. मानसिक चाचणीत विचारलं, भांडण झालं की काय करता? मी म्हणालो, बोलणं बंद करतो आणि इंजिन खोलून बसतो. तिथे वीस-पंचवीस माणसं तीच, आणि मधे साधारण दोन महिने सूर्यच उगवत नाही, त्यामुळे हे विचारणं मला अगदी बरोबर वाटलं.

मग उत्तराखंडातलं औली, तिथे आयटीबीपीचं, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांचं बर्फातलं ट्रेनिंग. दहा वर्षं सह्याद्री फिरलोय, कोकणकड्यावरून रॅपलिंग केलंय, त्यामुळे दोराची भीती नव्हती. पण कातळात हाताला खाच सापडते, बर्फात काहीच नसतं. घसरलात की लगेच पोटावर पालथं व्हायचं, आइस ॲक्सचं डोकं खांद्याखाली धरून अंगाचा सगळा भार त्यावर टाकायचा आणि बुटाला क्रॅम्पॉन, म्हणजे तळाला बांधायचे लोखंडी काटे, असतील तर पाय वर उचलायचे, नाहीतर काटे बर्फात अडकून माणूस उलटा फेकला जातो. माझे पाय सवयीने खालीच जायचे, आधार शोधायला. उस्तादांनी तोच उतार वीस-एक वेळा घसरायला लावला, शेवटी पाय आपोआप वर यायला लागले.

आता गोव्यात, वास्कोच्या एनसीपीओआर या ध्रुवीय संशोधन संस्थेमधून पुढे केपटाऊन आणि तिथून विमानाने बर्फाच्या धावपट्टीवर. काल रात्री बॅगा साफ करत होतो. बाहेरचं बी-बियाणं, माती काही तिकडं न्यायचं नाही, वेल्क्रोसुद्धा ब्रशने झाडायचं. माझ्या जुन्या ट्रेकिंगच्या मोज्यात कुसळं निघाली, बहुतेक दिवाळीआधीच्या हरिश्चंद्रगडाची, विणीत आडवी शिरलेली. चिमट्याने एकेक काढत बसलो, अकरा निघाली. तरी मन मानेना, मोजे आईकडे परत पाठवले आणि नवीन जोडी घेतली.

परवा सकाळी निघतोय.