रद्दीचे साठ रुपये

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं हे सगळेच विचारतात. मी रद्दीपासून हाताने कागद करते आणि त्याची शुभेच्छांची कार्डं रंगवून विकते. नागपूरला एखाद्या प्रदर्शनात टेबल मांडलं की तासाभराच्या आत कोणीतरी कार्ड उचलतं, बोटांनी चाचपतं, उलटं करून किंमत बघतं आणि म्हणतं, "ताई, हे रद्दीचंच ना? मग साठ रुपये कशाचे?"

प्रश्नात वावगं काही नाही. मीही बुधवारच्या बाजारात सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीवरून घासाघीस करतेच. पण टेबलावर गर्दी असते, म्हणून "हाताने केलेलं आहे हो" एवढं म्हणून मी सोडून देते. त्यानं कोणाचंच समाधान होत नाही, माझंही नाही. आता मे महिना आहे, गावात नळ तिसऱ्या दिवशी येतो, कागद काढायचं माझं टाकं कोरडं पडलंय. वेळच वेळ आहे.

आधी तुमच्या बाजूनं बोलते. रद्दीचा भाव किलोला १०-१५ रुपये. किलोभर रद्दीतून माझे जाडसर पन्नासेक कागद धड निघतात, एका कागदाची दोन कार्डं, म्हणजे शंभर कार्डं. कार्डामागे रद्दी पंधरा पैशांची झाली. सोडा, साबुदाणा, तुरटी, सरपण धरलं तरी दोन रुपयांच्या वर जात नाही. तेव्हा ६० रुपये रद्दीचे नाहीत, हे तुमचं म्हणणं मला मान्य. आणि मी झाडं वाचवते असाही माझा दावा नाही. तसा बोर्ड लाव, खप वाढेल, असं पुष्कळांनी सुचवलं. पण भंगारवाल्याची रद्दी मोठ्या कारखान्यात जाते, तिथे टनांनी कागद निघतो. माझी वर्षाची रद्दी त्यांच्या ट्रकच्या एका कोपऱ्यात मावेल. तो बोर्ड लावायला मला लाज वाटते.

हातकागद मी पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत, वर्ध्याला मगनवाडीत. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला, त्याचं ठाणं तिथे होतं. जे. सी. कुमारप्पा कारभार बघत. तेलघाणी, मधमाशा आणि त्यातच हाताने कागद करणं. १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींच्याच हातून मगन संग्रहालय उघडलं. गांधीजी आलेली पाकिटं उसवून आतल्या कोऱ्या बाजूवर लिहीत, हे बाईंनी आम्हाला तिथे सांगितलं. पण खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात त्यातलं काही राहिलं नाही. राहिली ती कागदाची कड. न कापलेली, तव्यावरच्या धिरड्यासारखी वेडीवाकडी. लग्न होऊन, दोन लेकरं शाळेत जायला लागल्यावर वर्ध्यालाच आठ दिवसांचं प्रशिक्षण निघालं, तेव्हा त्या कडेपायीच मी नाव दिलं.

आठ दिवसांत कागद जमला. घरी आल्यावर जमेना. पहिल्याच महिन्यात सासूबाईंचा मिक्सर जळाला. भिजवलेली रद्दी दिसायला मऊ असते, पण पात्यात अडकली की मोटर गुरगुरायला लागते. मला तो आवाज कळला नाही आणि घरभर वास सुटला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. फक्त पुढचे दोन महिने पाट्यावर चटणी वाटताना माझ्याकडे बघत असत. पुढे मोटारी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने जुन्या वॉशिंग मशीनच्या मोटरला पातं बसवून दिलं, ते अजून चालतंय.

आता कागदाचं म्हणाल तर नुसत्या रद्दीचा कागद होतो, पण कार्ड होत नाही. कागद म्हणजे झाडाचे बारीक तंतू. भिजले की फुगतात, एकमेकांत गुंततात, आणि पाणी निघून गेलं की जिथे जिथे टेकलेले असतात तिथे एकमेकांना धरून बसतात. त्यासाठी डिंक-बिंक लागत नाही. पण दर वेळी लगदा करताना तंतू तुटतो, आखूड होतो. पाच-सात फेऱ्यांनंतर त्यात धरण्याजोगं काही उरत नाही. वर्तमानपत्र तर आधीच दुबळं. त्याचं कार्ड करून घडी घातली की घडीवर तडकतं, ज्वारीची भाकर थंड झाल्यावर तडकते तसं. म्हणून लगद्यात लांब तंतू घालावा लागतो, आणि सगळ्यात चांगला तंतू कापसाचा. आपल्या नोटा कापसाच्या कागदावर छापतात. म्हणून तर खिशात राहून धुतली गेलेली नोट वाळवून चालवता येते, आणि तिच्याच शेजारच्या बसच्या तिकिटाची गोळी होते.

तुम्ही म्हणाल, कापसाच्या मुलखात राहता, मग अडचण कसली? अडचण हीच. आमच्या गावाभोवती जिकडे बघाल तिकडे पऱ्हाटी. दिवाळीनंतर घराघरांत कापसाचे ढीग, आणि सगळ्या गावात सुती चिंधी शोधून सापडत नाही. लुगडी गेली, धोतरं गेली. साड्या, चादरी, शर्ट, सगळ्यांत पॉलिस्टर. तो कुटता येत नाही, लगद्यात केसासारखा तरंगत राहतो. कोणी जुने कपडे दिले की मी आधी एक धागा ओढून काडी लावते. सुती असेल तर भुरकन जळून राख होते, कागद जळाल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर असेल तर वितळून टोकाला काळा कडक मणी तयार होतो. दहा कपड्यांत आठ मणी निघतात. वेचणीचा चांगला कापूस लगद्यात घालायचा तर घरच्यांनी मला मिक्सरच्या वेळी सोडलं तसं सोडलं नसतं. शेवटी उपाय बांधावर सापडला: अंबाडी. भाजी आम्ही खातोच, बोंडांचं सरबत करतो, आणि पोळ्याला बैलांचे दोर पूर्वी अंबाडीच्या वाखाचेच, म्हणजे सालीच्या धाग्यांचेच, वळत. तोच वाख बोटभर कापून धुण्याच्या सोड्यात तीन तास शिजवायचा, मग धुवायचा, मग कुटायचा. दहा भाग रद्दीत दोन भाग अंबाडी घातली की घडी तुटत नाही. कार्डावर मधूनच सोनेरी रेघ दिसते ना, ती अंबाडी. एका गिऱ्हाइकाला वाटलं केस आहे. त्यांना दुसरं कार्ड दिलं, त्यातही होती.

मग कागद काढायचा. हे काम तुम्ही एकदा येऊन बघाच. टाक्यात गुडघाभर पाणी आणि त्यात पातळ ताकासारखा लगदा. साचा म्हणजे दोन लाकडी चौकटी, खालच्या चौकटीला नायलॉनची जाळी ताणलेली, वरची नुसती कड धरायला. साचा उभा घालायचा, पाण्याखाली आडवा करायचा आणि सरळ वर उचलायचा. बाहेर आल्याबरोबर पाणी खाली पळायला लागतं. तेवढ्यात एकदा पुढे-मागे आणि एकदा डावी-उजवीकडे हलवायचं, सूप पाखडताना मनगट चालतं तसं. चार सेकंद असतात. त्या चार सेकंदांत तंतू आडवे-उभे गुंतले तर गुंतले. पाणी निघून गेल्यावर हलवलंत तर भोक पडतं. मग ओल्या सुती कापडावर साचा उलटा टेकवून एका कडेकडून दाबत दाबत उचलायचा, की कापडावर कागद राहतो. निदान राहायला पाहिजे. पहिल्या वर्षी माझे निम्मे कागद जाळीलाच चिकटून परत टाक्यात जात. लगदा तळाशी बसतो म्हणून दर दोन कागदांमागे हाताने ढवळायचं. जपानात त्यासाठी भेंडीच्याच जातकुळीतल्या एका झाडाच्या मुळांचा चिकट रस घालतात. ते ऐकून मीही भेंडीचं पाणी घालून पाहिलं. पहिल्या दिवशी काय सुंदर कागद निघाले! दुसऱ्या दिवशी टाक्याजवळ उभं राहवेना.

असे कागद आणि कापडं एकावर एक रचून फळ्यांमध्ये ठेवायचे आणि वरून ट्रॅक्टरचा जॅक लावून दाबायचे. पाणी निथळलं की कापडासकट दोरीवर. वाळल्यावर साबुदाण्याची खळ लावायची, नाहीतर शाईचा थेंब टीपकागदावर पसरतो तसा पसरतो. खळीत चिमूटभर मोरचूद घालते, नाहीतर कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागते. पुन्हा वाळवायचं, शंखाने घासायचं, कापायचं. आणि मग चित्र.

यात माझं मोठं भांडण हवामानाशी आहे. मे महिन्यात कागद तासाभरात वाळतो, पण पापडासारखा वाकडा होतो, आणि तो काढायला टाकं भरेल एवढं पाणी गावात नसतं. श्रावण-भादव्यात पाणी भरपूर, तर कागद तीन-तीन दिवस ओला, त्याला कुबट वास येतो. म्हणजे माझे खरे दिवस दसऱ्यापासून होळीपर्यंतचे. आणि नेमका तेव्हाच कापूस वेचायचा असतो. माझ्यासोबत काम करणाऱ्या दोघी जणी वेचणीला जातात, त्यांना अडवता येत नाही. शंभर कार्डांमागे आम्हा तिघींचे मिळून बारा-तेरा दिवस जातात, प्रदर्शनवाले नाहीतर दुकानदार आपला वाटा घेतात, आणि उरतं ते निंदणाच्या मजुरीच्या थोडं वर. ६० रुपये तिथे जातात.

श्रावणाच्या एका हौसेची गोष्ट सांगायची राहिली. लगद्यात बी घालून केलेलं, मातीत पुरलं की उगवणारं कार्ड हल्ली फार मागतात. मी तुळशीचं बी घालून ४० कागद काढले. पाऊस लागला, कागद पाच दिवस वाळले नाहीत, आणि सहाव्या दिवशी सकाळी दोरीवरच्या कापडांना हिरवी लव आलेली. दोरीवरच तुळशीवृंदावन! लेकरं खूश, मी डोक्याला हात लावून बसलेले. तेव्हापासून बियांचं कार्ड फक्त हिवाळ्यात, आणि सगळं बी उगवेल असं वचन मी देत नाही.

रद्दी कोणाची, यानेही कागद बदलतो. वह्यांच्या लगद्याला शाईची निळसर झाक येते. वर्तमानपत्राचा कागद ढगाळ दिसतो. लग्नपत्रिकांचा पुठ्ठा चांगला, पण वरचा चमकीचा थर प्लॅस्टिकचा असतो, तो ओल्यावर सोलून काढावा लागतो. पत्रिकांची दुसरीच पंचाईत होती. प्रत्येकीवर गणपती. म्हणूनच लोक त्या फेकत नाहीत, वर्षानुवर्षं फडताळात साठवतात आणि मी कागद करते म्हटल्यावर सुटल्यासारखं करून पोत्याने आणून देतात. म्हणजे पाप माझ्या माथी. सुरुवातीला मी एकेक गणपती कात्रीने कापून डब्यात ठेवत होते. डबा भरला. शेजारची आजी ओट्यावर बसून बघत होती. म्हणाली, "कायले भेतं वं पोरी? गणपतीले आपण पाण्यातच शिरवतो नं." त्या दिवशी डबा टाक्यात रिकामा केला. हात जोडूनच केला, पण केला.

चित्रांचं मी फार बोलणार नाही, ती तुम्ही बघताच. संक्रांतीला तिळगुळाची कार्डं सगळ्यात जास्त जातात. पूर्वी हलव्याच्या दाण्यांसकट पोस्टाने येत, तशी पुडी आत ठेवायला मी एक खिसा करते. तान्ह्या पोळ्याला चाकांवरचा लाकडी बैल. दसऱ्याला दाबून वाळवलेलं आपट्याचं पान. रंगांत हळद मी सोडून दिली. काय झळाळते, पण उन्हात ठेवलेल्या कार्डाची महिनाभरात पांढरी फटक होते, आणि साबणाचा हात लागला तर लाल. पळसाच्या फुलांचा रंग तुरटी घालून उकळला की हळदीपेक्षा बरा टिकतो, तोही कायमचा नाही. घेणाऱ्याला मी तसं सांगते. सांगितल्यामुळे दोन-चार गिऱ्हाइकं जातातही.

मागे एका मोठ्या ऑफिसाने दिवाळीसाठी ३०० कार्डं मागवली. दिली. त्यातली ११० परत आली, "शेड मॅच होत नाही" म्हणून. एक वह्यांच्या लगद्याचं, दुसरं पत्रिकांच्या, शेड मॅच कशी होणार? आगाऊ पैसे घेतले नव्हते, ही माझी चूक. ती ११० कार्डं मी फाडून पुन्हा टाक्यात टाकली. त्यांचा कागद मात्र एका शेडचा निघाला.

आता निम्म्या किमतीत घ्यायचं असेल तर माझ्याकडे चुकलेल्या कागदांची थप्पी असते, कोपरा फाटलेले, मध्येच जाड झालेले. त्यांच्या मी पुस्तकात ठेवायच्या खुणेच्या पट्ट्या करते. नीट न कुटलेल्या लगद्यात कधी अक्षराचा तुकडा तसाच राहतो. गेल्या हिवाळ्यात एक काकू अशीच पट्टी उजेडाकडे धरून उभ्या होत्या. पट्टीत कोणा लेकराच्या वहीतलं "सात सक" एवढंच राहिलं होतं, पुढचं विरघळलेलं. त्यांनी ते मनातल्या मनात पुरं केलं असावं, ओठ हलले. मग पट्टी जागेवर ठेवली आणि विचारलं, "रद्दीचंच ना हे?"

टाकं पुन्हा दसऱ्यानंतर भरेन. ऑर्डर तेव्हा द्या, आगाऊ पैशांसकट. आणि येताना घरात जुनं सुती लुगडं नाहीतर धोतर पडलं असेल तर घेऊन या, त्याचे पैसे मी कार्डांत वळते करीन. फक्त काठ कापून आणा. काठाला जरीची तार असते, ती कुटली जात नाही.